कमलाक्षीचा अर्धा वाटा

रुद्रेश बुडाला हे कोरगावात सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच्याबरोबर आपणही ओले झालो आहोत, हे गोकुळदास मास्तरांना बँकेच्या पत्रातून कळलं.

रुद्रेश म्हणजे मास्तरांच्या बायकोचा, कमलाक्षीचा, धाकटा भाऊ. मोपाला विमानतळ झाल्यावर त्याने धारगळला हमरस्त्यालगत 'एअरपोर्ट व्ह्यू' नावाचं हॉटेल काढलं. तिथून विमानतळ दिसत नव्हता. विमानतळावर जाणाऱ्या गाड्या दिसत, पण त्या थांबत नसत. शेवटी रुद्रेशने कोर्टात अर्ज केला आणि कोर्टाने त्याला रीतसर दिवाळखोर ठरवलं. त्याच्या बावीस लाखांच्या कर्जाला जामीन होते मास्तर.

मास्तरांनी डिचोलीच्या शाळेत अडतीस वर्षं गणित शिकवलं होतं. न सुटणाऱ्या गणिताचा त्यांना राग येत नसे, कुतूहल वाटे. पत्र खिशात घालून ते धारगळला गेले. बंद हॉटेलात रुद्रेश एकटाच बसून चहा पीत होता.

"मला एक समजाव," मास्तर म्हणाले. "बुडालास तू. मग पत्र मला कसं?"

"भावजी, मी आता दिवाळखोर. कोर्टाचा कागद आहे. बँक मला हात लावू शकत नाही."

"आणि मला?"

"तुम्हाला लावू शकते. तुम्ही कुठे दिवाळखोर आहात?"

"मलाही होता येईल काय?"

रुद्रेशने त्यांच्याकडे सहानुभूतीने पाहिलं. "तुम्हाला नाही जमायचं, भावजी. तुमचं घर आहे, काजूचा डोंगर आहे. चहा घेणार?"

तिथून मास्तर पेडण्याला वकील प्रथमेशकडे गेले. हा त्यांचा जुना विद्यार्थी, अपूर्णांकांत कच्चा.

"सर, जामिनाच्या कागदावर काकींची सही आहे?"

मास्तरांनी आवाज खाली आणला. "तिला माहीतच नाही. रुद्रेश म्हणाला, ताईला सांगू नका, उगाच काळजी करील."

खरं तर मास्तर साधी विहीर खणायची झाली तरी देवळात जाऊन देवाचा कौल घेत. पण कौल चारचौघांसमोर लागतो, आणि त्या चौघांत कमलाक्षीची मावसबहीण हमखास असते. म्हणून या खेपेस त्यांनी देवालाही विचारलं नव्हतं.

"बायकोपासून लपवलंत?" प्रथमेश उठून उभा राहिला. "शाबास, सर."

मग त्याने समजावलं. गोव्याच्या जुन्या पोर्तुगीज कायद्याने लग्न लागलं की सगळं दोघांचं, अर्धं अर्धं. बायकोच्या संमतीवाचून नवऱ्याने घेतलेला जामीन नवऱ्याच्याच अर्ध्यावर बसतो. त्या वेळचा बँक मॅनेजर घाटावरून नवा आलेला. त्याने एकट्या नवऱ्याची सही घेतली आणि खूश झाला.

"काकींचा अर्धा वाटा शाबूत आहे. आता त्यांची सही तेवढी कुठे होऊ देऊ नका."

"कुठला अर्धा?"

"वाटणी झालेली नाही ना सर. मग प्रत्येक वस्तूचा अर्धा."

घरी आल्यावर मास्तर कदेलावर, आपल्या जुन्या खुर्चीवर, बसताना जरा घुटमळले, आणि मग मधोमध बसले.

मंगळवारी बँकेचा वसुली अधिकारी प्रवीण आला. मास्तर पोस्टात गेले होते. कमलाक्षीने त्याला पाणी दिलं, आणि त्याने अत्यंत नम्रपणे एक कागद आणि पेन पुढे केलं. "काही नाही बाई, फॉर्मॅलिटी. व्याज दोन टक्के कमी होईल. तुमची सही राहून गेली होती."

"कसली सही?"

मास्तर परतले तेव्हा कमलाक्षी चष्मा लावून कागदाचं चौथं पान वाचत होती आणि प्रवीण दुसरा तांब्या संपवत होता.

"बसा," ती नवऱ्याला म्हणाली. मास्तर उभेच राहिले.

"मी सही केली नाही तर?" तिने प्रवीणला विचारलं.

"तर मास्तरांच्या अर्ध्या वाट्यावर जप्ती येऊ शकते."

"आणि केली तर?"

प्रवीण कागदाकडे बघत म्हणाला, "तर पुऱ्या मालमत्तेवर. पण व्याज दोन टक्के कमी."

"दोन टक्क्यांना अर्धं घर. स्वस्त आहे." तिने पेन त्याच्या खिशाला परत लावलं आणि मास्तरांकडे वळली. "तेव्हा मला का नाही विचारलंत?"

"तू नको म्हणाली असतीस."

"मी? माझा भाऊ तो. मी लगेच सही केली असती."

मास्तरांनी मनात हिशेब मांडला. विचारलं असतं तर सगळं गेलं असतं. लपवलं म्हणून अर्धं वाचलं. यात माफी मागावी की नाही, हे त्यांना ठरवता येईना. कमलाक्षीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते कुणासाठी हेही कळेना.

तिने चष्मा पुसला. "काय हो प्रवीणबाब, दिवाळखोर माणसाला मजुरी करायला कायद्याची मनाई आहे?"

"नाही... तशी नाही."

"आणि काजूचे पैसे दर महिन्याला आणून भरले तर तुम्ही जप्तीला थांबाल?"

"नियमित आले तर साहेबांना विचारून बघतो. हंगामापुरतं जमेल."

"विचारा. तोवर डोंगरावर काजू पडून आहेत आणि वेचायला माणूस मिळत नाही."

तिने तिथेच रुद्रेशला फोन लावला. त्याने चौकशी केली असावी, कारण ती म्हणाली, "होय, सगळं कळलं. उद्या सहाला ये. जुने कपडे घाल. नाही, गाडी नको, बसने ये. मजुरी बँकेत जाईल, जेवण माझ्याकडे."

फोन ठेवून ती स्वयंपाकघराकडे निघाली. मास्तर मागोमाग गेले.

"आणि मी?"

"तुम्ही पण वेचा. तुमच्या अर्ध्यात."

"पण माझा अर्धा कुठला?"

"चढाचा," कमलाक्षी म्हणाली.