डावा गाल आधी

मित्रांनो, मी एक जुनी देवी आहे. लगेच हात जोडू नका आणि काही मागूही नका. मी कार्टूनमधली देवी. माझं नाव फुंकरदेवी. मेलेल्याला फुंकर घालून उठवायचं, हे माझं काम. वठलेलं झाड, थिजलेली चिमणी, एकदा तर राजाचा आख्खा घोडा. मी फुंकर घातली की सगळे टुणकन उठून बसायचे आणि टीव्हीसमोरची मुलं टाळ्या पिटायची. त्या टाळ्यांचं आता काय लोणचं घालू?

मला जन्म दिला नानांनी. ते एका छोट्या स्टुडिओत चित्रकार होते. जीवनाची आणि पुनर्जन्माची देवी काढा, असं मालकांनी सांगितलं आणि नानांनी माझा चेहरा दुपारच्या आत काढूनही टाकला. अडलं ते पुढे. ही बाई जीव देणार म्हणजे नेमकं करणार काय? नानांनी कपाळातून किरण काढून पाहिले, हातात काठी देऊन पाहिली. मालकांनी सगळं नापास केलं. नाना तोंड पाडून घरी गेले.

घरी काकू होत्या, म्हणजे नानांची बायको. नानांना घाईत चहा पिऊन जीभ भाजून घ्यायची खोड. म्हणून काकू कप पुढे करण्याआधी स्वतःच त्यावर फुंकर घालत. त्यांची डावीकडची दाढ काढलेली होती. त्यामुळे त्यांचा डावा गाल आधी फुगायचा, मग उजवा, आणि मग हळूच फुंकर यायची. नानांनी हे संसारभर पाहिलं होतं, पण त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. मग काय, परत घाल, परत घाल म्हणत ते चित्रं काढत सुटले. शेवटी काकू वैतागल्या. म्हणाल्या, "हा चहा आता थंडगार झाला. तुमच्या देवीलाच पाजा."

अशी माझी फुंकर तयार झाली. काकू टीव्हीवर मला पाहिलं की शेजारणीला सांगत, ही बया माझी नक्कल करते. खरंच करत होते.

आता आमच्या स्टुडिओची रीत ऐका, कारण सगळं पाणी तिथेच मुरलंय. आम्हाला पारदर्शक प्लॅस्टिकच्या शीटवर रंगवत. एकेक शीट कॅमेऱ्याखाली ठेवून फोटो काढत आणि ती चित्रं भराभर दाखवली की आम्ही हलल्यासारखे दिसत असू. शीट महाग. म्हणून फोटो झाला की शीट टबात. टबापाशी मावशी असत. त्या कोमट पाण्यात शीट भिजवून कापसाने रंग सोडवत, आणि त्याच कोऱ्या शीटवर मला पुन्हा रंगवलं जाई. म्हणजे पाहा, पडद्यावर मी जगाला उठवत होते आणि मागच्या खोलीत दर आठवड्याला मलाच धुऊन काढत होते. याला पुनर्जन्म म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

फक्त एक गठ्ठा टबात जात नसे. फुंकरीचा. तो प्रत्येक भागात लागायचा, म्हणून एकदाच रंगवून, लाल नाडीने बांधून नानांच्या खणात ठेवला होता. नाडी असेल त्याला हात लावायचा नाही, हे मावशींना पक्कं ठाऊक होतं.

एकदा एक मुलगी बुटांच्या खोक्यात मेलेला पोपट घेऊन स्टुडिओच्या दाराशी आली. देवीला भेटायचंय म्हणाली. दारावरच्या माणसाने तिला गोड बोलून परत पाठवलं. मी आत खणात होते. माझ्या देवपणाची लायकी मला त्याच दिवशी कळली.

मग काकू आजारी पडल्या. त्या गेल्या तेव्हा नाना स्टुडिओत होते. एका कासवाला मी जिवंत करत होते ना, ते कासव वेळेत पूर्ण व्हायला हवं होतं. कासव उठलं. काकू नाही उठल्या.

पुढे नानांचा हात थरथरू लागला. कार्यक्रम बंद पडला, नाना घरी बसले आणि मी खणात धूळ खात पडले. माझी कुणाला सय आली नाही. मग मोठे मालक वारले आणि त्यांच्या मुलाने, धाकट्या मालकांनी, मला उकरून काढलं. बाहेर मोठा फलक लागला, फुंकरदेवीचा पुनर्जन्म. कार्यक्रमाच्या जुन्या चित्रफिती ओलीने एकमेकींना चिकटून गेल्या होत्या. उरला होता तो फक्त माझा गठ्ठा. तो कॉम्प्युटरमध्ये घ्यायचं ठरलं.

नानांना कुठूनतरी कळलं. ते काठी टेकत आले, धाकट्या मालकांसमोर बसले. म्हणाले, "मला पैसे नकोत, नाव नको. तो गठ्ठा तेवढा द्या. घरी तिचे फोटो आहेत, पण फोटोत ती नुसती ताठ उभी आहे. हलताना ती आता मला आठवत नाही. ती हलते ती फक्त तुमच्या खणात."

धाकटे मालक मनाने वाईट नव्हते. म्हणाले, नाना, तो तुमचाच आहे, काम झालं की घेऊन जा.

काम झालं. गठ्ठ्याची नाडी सोडून एकेक शीट मशीनच्या काचेवर ठेवली आणि बाजूच्या ट्रेमध्ये टाकली. मावशी अजून तिथेच होत्या, आता झाडलोट करत. ट्रेमध्ये फोटो झालेल्या शीट पडल्यात, वर नाडी नाही. त्यांच्या हातांनी जन्मभर जे केलं तेच केलं. टब बाहेर काढला, कोमट पाणी घेतलं आणि सगळ्या शीट मन लावून धुतल्या.

मी तेवढी वाचले. मी शेवटची शीट, मशीनच्या झाकणाला चिकटून राहिले होते.

नाना आले तेव्हा मावशी दाराशीच रडत उभ्या होत्या. "नाडी सुटलेली होती हो, नाना. मला वाटलं, झालं यांचं काम."

नानांनी एक कोरी शीट उचलून उजेडात धरली. मग म्हणाले, "तुमचं काय चुकलं, मावशी. छान धुतल्यात."

धाकटे मालक म्हणाले, काळजी करू नका, कॉम्प्युटरमध्ये सगळं आहे. त्यांनी लगेच पडदा लावून दाखवलं. नवी मी आले. गुळगुळीत, चकचकीत. दोन्ही गाल एकदम फुगले आणि फुंकर सुटली.

"डावा गाल आधी फुगायचा," नाना म्हणाले.

"हो, ती चूक आम्ही काढून टाकली. तुमच्या वेळी अशी मशीन नव्हती ना."

"मग आधीचं ठेवलंय कुठे?"

"दुरुस्त केल्यावर चुकीचं कशाला ठेवायचं, नाना?"

नाना गठ्ठा घेऊन घरी आले. कोऱ्या शीटचा गठ्ठा आणि त्यात मी एकटी. त्यांनी स्वतः काढून पाहायची खटपट केली, पण थरथरत्या हाताने रेघ धड येईना. माझ्याकडे पाहून तरी काय कळणार? मी फुंकर संपल्यानंतरची. माझे दोन्ही गाल रिकामे आहेत.

मित्रांनो, शेवटी काही शिकवण द्यावी अशी अपेक्षा असते. देते. कुणाची चूक दुरुस्त करण्याआधी विचारा की ती कुणाची होती. आणि तुमच्या घरात कुणी तुमच्यासाठी चहा निववत असेल, तर मान वर करून बघा. आम्हा देवींच्या भरवशावर राहू नका. आम्हाला काही येत नाही.

रोज संध्याकाळी नाना चहा करून घेतात. मग लाल नाडी सोडतात, गठ्ठा चेहऱ्याजवळ धरतात आणि पूर्वी चित्रं तपासत तशा अंगठ्याने शीट भराभर सोडतात. कोरी, कोरी, कोरी, आणि शेवटी मी. दिसत काहीच नाही. पण शीट सुटताना थोडा वारा येतो. तो आधी त्यांच्या चेहऱ्यावर येतो, मग चहावर. नाना डोळे मिटून बसतात, आणि चहा निवेपर्यंत शीट सोडत राहतात.