आठव्या टोपलीचा मालक

आसगावहून तीन किलोमीटरवर जमीनदारांच्या काळातला एक जुना मालगुजारी तलाव आहे. त्या तलावावरच्या मच्छीमार संस्थेचे सचिव लिलाधरभाऊ म्हणजे फॉर्म भरण्यातले दर्दी. गावात कुणाकडे फॉर्म आला की हे चष्मा पुसतच घरातून निघायचे. त्यांना एकच वाईट खोड होती, फॉर्ममध्ये ते खरं लिहायचे. या खोडीपायी त्यांचं स्वतःचं घरकुल दोनदा नामंजूर झालं होतं, तरी खोड काही जाईना.

यंदाचा फॉर्म मात्र थेट समुद्रापलीकडून आला. संस्थेचे झिंगे, म्हणजे तलावातली कोळंबी, नागपूरची एक कंपनी उचलायची आणि बर्फात घालून परदेशी पाठवायची. तिकडच्या एका सरकारला अलीकडे वाटू लागलं होतं की जगातल्या प्रत्येक धंद्यामागे कुणीतरी लपून बसलेलं असतं. पाटी एकाच्या नावाची आणि मलई दुसऱ्याच्या ताटात. अशा बड्या चोरांना धरायला त्यांनी कायदा केला. बडे चोर लगेच वकिलांकडे गेले आणि फॉर्म लिलाधरभाऊंकडे आला.

फॉर्मचा सगळा जीव एका प्रश्नात होता. संस्थेच्या उत्पन्नातला दहा टक्क्यांहून जास्त वाटा ज्याला मिळतो, अशा खऱ्या मालकाचं नाव लिहा.

लिलाधरभाऊ पेचात पडले. सभासद बेचाळीस आणि वाटा सगळ्यांना सारखा, त्यामुळे दहा टक्के कुणाच्याच नशिबात नव्हते. पण जाळं ओढलं की सात टोपल्या काट्यावर जायच्या आणि आठवी जायची पाळीवरच्या, म्हणजे तलावाच्या बांधावरच्या कडुनिंबाखाली, मातामाय देवीच्या पुढ्यात. पणजोबांपासूनची रीत. आठात एक म्हणजे साडेबारा टक्के झाले. पणजोबांनी दहात एक ठरवलं असतं तर संस्था वाचली असती, पण त्या बिचाऱ्यांना परदेशचा कायदा कुठून ठाऊक असणार?

ती टोपली पुढे कुठे जाते हे सगळ्या गावाला माहीत होतं आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे. ज्यांना पाण्यात उतरणं होत नाही अशी सात माणसं गावात होती. कुणाचा नवरा गेलेला, कुणाचे गुडघे गेलेले. जाळं निघालं की ती देवीच्या पाया पडायला यायची आणि परत जाताना पदराआड, धोतराच्या सोग्यात मासे असायचे. कुणी मागितले नाहीत, कुणी दिले नाहीत. प्रसाद होता तो. सातांत सगळ्यात म्हातारी सखाबाई. जाळी विणून विणून तिची बोटं आखडली होती, आणि त्या माशांवाचून तिच्या भाताला सोबत म्हणून फक्त मीठ होतं.

लिलाधरभाऊंनी लिहिलं. नाव, मातामाय. पत्ता, तलावाची पाळ, कडुनिंबाखाली. व्यवसाय, तलाव राखणे. जन्मतारखेशिवाय संगणक पुढे सरकेना, तेव्हा त्यांनी एक जानेवारी टाकली. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांची तीच असते, त्यामुळे ते त्यांना खोटं वाटलं नाही.

परदेशानं फॉर्म बिनतक्रार घेतला. फक्त तिसऱ्या दिवशी मोबाइलवर निरोप आला की मालकानं कॅमेऱ्यासमोर येऊन ओळख पटवावी. लिलाधरभाऊ पाळीवर गेले, चपला काढल्या, हात जोडले आणि मोबाइल शेंदराच्या दगडासमोर धरला. “कृपया डोळे उघडा,” मोबाइल म्हणाला. मग त्यानं मान डावीकडे वळवायला सांगितली. मातामाय ढिम्म. सरकारी माणसांपुढे ती आधीही कधी हलली नव्हती.

आठवड्यात कंपनीची टीना गाडी घेऊन आली. कुठल्या देशात कुठला नियम बदलला याच्यावर नजर ठेवणं ही तिची नोकरी, आणि चेहऱ्यावरून तरी ती महिनाभर झोपलेली दिसत नव्हती.

“काका, देवी चालत नाही. जिवंत माणूस लागतो.”

“मंग खोटं लिहू का जी?”

“एका देशानं नियम कडक केला, दुसऱ्यानं ढिला केला, तिसऱ्यानं पुढच्या मार्चवर ढकलला. आमचा माल तिन्हीकडे जातो. शुक्रवारपर्यंत नाव आलं नाही तर तुमचे झिंगे बंद. मला एक चेहरा द्या, बस.”

मागे संस्थेचे अध्यक्ष बुधराम उभे होते. त्यांनी टोपी सारखी केली. “माहा चेहरा घ्या. गावासाठी एवढं त करूच शकतो.”

गावाला गहिवरून आलं. बुधरामजींनी डोळे उघडले, मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली आणि मोबाइलला ते पहिल्या झटक्यात पटले. टीनानं पुढे केलेल्या खऱ्या मालकाच्या प्रमाणपत्राखाली लिलाधरभाऊंनी सचिव म्हणून सही ठोकली. कागदापुरतंच तर आहे, असं त्यांनी मनाला समजावलं.

दोन खेपा सुरळीत गेल्या. तिसऱ्या खेपेला आठवी टोपली कडुनिंबाकडे न जाता बुधरामजींच्या मोटारसायकलवर चढली.

“काका, हे का होय?” लिलाधरभाऊंनी विचारलं.

“कायदा होय.” बुधरामजींनी खिशातून तेच प्रमाणपत्र काढलं, आता लॅमिनेट केलेलं. “वाच. खरा मालक बुधराम, साडेबारा टक्के. खाली सही कोनाची हाय?”

सही लिलाधरभाऊंचीच होती.

“मी वाटा नाही घेतला त ते म्हनतीन का खोटी माहिती देली. तुलेच आत टाकतीन. तुह्यासाठीच घेऊन राहिलो, बाप्पा.”

लपलेला मालक शोधायला निघालेल्या कायद्यानं, जिथे मालकच नव्हता तिथे एक धडधाकट मालक उभा करून दिला होता. त्या संध्याकाळी सात माणसं देवीच्या पाया पडली आणि रिकाम्या हातांनी घरी गेली. पुढच्या खेपेलाही तेच झालं. प्रसाद मिळाला नाही म्हणून भांडायचं कुणाशी?

मग एके दुपारी टीनाचा फोन आला. “काका, गुड न्यूज! त्या देशानं कायदाच बदलला. छोट्या संस्थांना सूट. तुमच्या संस्थेचं नाव यादीतून काढूनसुद्धा टाकलं.”

लिलाधरभाऊ अनवाणी पळत बुधरामजींकडे गेले. बुधरामजी ओट्यावर दात कोरत बसले होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“त्याहीचा कायदा त्याहीनं काढला. आपल्या गावात कोनी काढला? इथं आता रीत पडली ना.”

पणजोबांची रीत तीन पिढ्यांत पडली होती. बुधरामजींची तीन आठवड्यांत पडली.

पुढच्या खेपेला जाळं काठावर आलं तेव्हा सखाबाई कडुनिंबाकडे गेली नाही. काठी टेकत ती सरळ मोटारसायकलपाशी येऊन उभी राहिली. बेचाळीस सभासद ओल्या अंगानं बघत होते.

“बुधराम, मातामाय वाटा घ्याची, पन तिनं कधी खाल्ला नाही. तुह्या घरून परवा मासोळीचा वास आला.”

“मावशी, कागदावर माहं नाव हाय.”

ती लिलाधरभाऊंकडे वळली. “कागदात का इचारलं होतं रे?”

“वाटा कोनाले भेटते, ते.”

“मंग माहं नाव काहून नाही लिवलं? मासे त मीच खाल्ले. माह्यावानी सात जनं खाऊन राहिले होते. तुले ठाव नव्हतं का?”

लिलाधरभाऊंना सगळं ठाऊक होतं. जन्मभर खरं लिहिणाऱ्या या माणसाला देवीचा पत्ता आठवला होता, पण ही सात नावं लिहायचं धाडस झालं नव्हतं. आणि लिहिली असती तर? साडेबारा टक्के सातांत वाटले की दोनही होत नव्हते. मालक कुणी नाही, एवढंच लिहून फॉर्म पाठवता आला असता. हा हिशेब त्यांना पाळीवर उभ्याउभ्या, सगळ्यांसमोर सुचला आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“लिव आता,” सखाबाई म्हणाली. “सखाबाई. आंधी जाळे विनत होती, आता दुसऱ्याच्या मासोळीवर जगते.”

गुडघे गेलेला तुलाराम काठीवर जोर देत पुढे आला. “माहं बी लिव.”

ज्या दोघांनी मोटारसायकलवर टोपली बांधली होती, त्यांनीच दोरी सोडली. बुधरामजींनी प्रमाणपत्र खिशात घातलं आणि गाडीला किक मारली. लिलाधरभाऊंनी संस्थेच्या वहीत एकाखाली एक सात नावं लिहिली. सगळ्यांच्या माना खाली होत्या.

आता वाटा सातही घरी नेमानं पोचतो. पण पाया पडायला कडुनिंबाखाली कुणी येत नाही. नावं लिहिल्यानंतरच्या पहिल्याच खेपेला सखाबाई थेट लिलाधरभाऊंच्या वहीसमोर आली, आखडलेला अंगठा पुढे केला आणि म्हणाली, “कुठं ठेवू जी?”

आजवर त्यांना ‘रे’ म्हणत आलेली मावशी पहिल्यांदाच ‘जी’ म्हणाली होती.