भामाबाईची खुर्ची

वैजनाथ सरांना 'परीघ' हा शब्द फार प्रिय. नांदेडच्या माध्यम विभागात ते 'ओळख आणि प्रतिनिधित्व' शिकवत आणि दर तासाला परिघावर जाऊन येत. प्रत्यक्षात त्यांची मजल वर्गापासून कॅन्टीनपर्यंत.

लुंबिनीनं शेवटच्या सत्रासाठी लातूरजवळच्या मुरुडच्या आपल्या आजीवर, भामाबाईवर, लघुपट केला. तो बघून सरांनी चष्मा काढला.

"ही तुझी आजी?"

"हाव, सर."

"खुर्चीत बसलीय. इस्त्रीची साडी, मागं कूलर. वेदना कुठाय, लुंबिनी?"

वेदना जणू ती एसटीत विसरून आली होती.

लातूरच्या विद्यार्थी महोत्सवात विभागाचा एकच लघुपट जाणार होता. कोणता, ते सर ठरवणार. लुंबिनीला तिथं हीच आजी दाखवायची होती, अशीच बसलेली. तसा तिनं आजीला शब्द दिला होता.

"आपण पुन्हा शूट करू," सर म्हणाले. "मी येतो."

आणि ते खरंच मुरुडला आले. सोबत कॅमेरा घेऊन लुंबिनीची वर्गमैत्रीण पुनम. लुंबिनीचे वडील वीज मंडळात. घर दुमजली, दारात मोटारसायकल. सरांचा चेहरा उतरला. भामाबाईनं पांढरी साडी नेसून खुर्ची अंगणात मांडून ठेवली होती. या घरात फोटो म्हटला की खुर्ची निघते, पाठ ताठ होते.

"आजी, खाली बसा ना. मातीशी नातं दिसेल."

"खाली लई बसले, बाबा. सिद्धम्माच्या ओट्याखाली बसून जन्मभर भाकर खाल्ली. आता खुर्चीतला काढा, न्हाईतर ऱ्हाऊ द्या."

सरांनी राहू दिलं. ते परीघ शोधायला निघाले आणि गावाच्या कडेला त्यांना तो सापडला. मातीच्या भिंतीचा गोठा, पुढं एक म्हातारी शेण्या थापत बसलेली.

"पुनम, कॅमेरा लाव! हा चेहरा बघ."

"सर, त्या तर..." लुंबिनी म्हणाली.

"तू आतली आहेस. आतल्या माणसाला दिसत नाही. हे मी नाही, सिद्धांत सांगतो."

सिद्धांतापुढं लुंबिनीनं तोंड मिटलं. ती म्हातारी म्हणजे सिद्धम्मा. अर्धं शिवार तिच्या नावावर. पण लेकाच्या, बसवराजच्या बंगल्यातली गुळगुळीत फरशी तिला आवडायची नाही, म्हणून दिवसभर म्हशींपाशी.

लघुपट तयार झाला. नाव 'मौनाच्या भिंती', दिग्दर्शन लुंबिनीचं, निवेदन खुद्द सरांचं: "पिढ्यान्‌पिढ्या भूमिहीन, अस्पृश्य, मूक..."

"सर, ही माझी आजी न्हाई. माझं नाव काढा."

"आजी इथं व्यक्ती नाही, रूपक आहे. आणि नाव तुझंच हवं, नाहीतर प्रतिनिधित्व कसलं? त्या रूपकाला महोत्सवाला घेऊन ये. सत्कार करू."

लुंबिनीनं क्षणभर त्यांच्याकडं पाहिलं. "आणते, सर."

रूपक बसवराजच्या लांबलचक पांढऱ्या गाडीतून लातूरला उतरलं. गाडी संयोजकांनी पाठवली असावी, असं सरांना वाटलं. सिद्धम्मा आणि बसवराज पहिल्या रांगेत बसले. लुंबिनीसोबत एसटीनं आलेली भामाबाई खुर्ची न मिळाल्यानं मागं भिंतीला टेकून उभी राहिली. सरांनी सिद्धम्माच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला, वाकून नमस्कारही केला. दिवे मालवले.

निवेदन सुरू झालं आणि अंधारातून म्हातारीचा आवाज आला, "बसू, हा काय म्हनून राहिला रे? माझी जमीन कोनी घेतली?"

बसवराज उठला. "ओ सर! आमच्या मायला तुमी काय करून टाकलं?"

भूमिहीन म्हटल्याचं त्याला तेवढं लागलं नव्हतं. लागला होता तो पुढचा शब्द, आणि तो त्यानं तोंडानं घेतलाही नाही.

दिवे लागले. सर माईकवरच ओरडले, "लुंबिनी! तू सांगितलं का नाहीस?"

"सांगतच होते, सर. तुमी म्हनलात, आतल्याला दिसत न्हाई."

सभागृह हसलं. मायलेक तरातरा निघून गेले. शाल-नारळ मात्र सिद्धम्मानं सोडला नाही.

पडदा रिकामा होता. प्रोजेक्टर सांभाळणाऱ्या पुनमनं सरांकडं न बघताच लुंबिनीचा पहिला लघुपट लावला. खुर्चीतली भामाबाई शांतपणे सांगत होती की भाकर ओट्यावरून टाकायचे, झेलावी लागायची. रडली नाही. संपेपर्यंत कुणी खोकलं नाही.

टाळ्या थांबायच्या आत सरांनी माईक धरला. "दोन आज्यांमधला हा विरोध आम्ही अगदी जाणीवपूर्वक..."

"म्या न्हाई, सर," लुंबिनी मागून म्हणाली. "माझा एकच लघुपट हाय. ही माझी आजी."

सर घाईनं सत्काराच्या टेबलाकडं वळले. तिथं शाल उरली नव्हती.

"ऱ्हाऊ द्या, सर," पुढं येत भामाबाई म्हणाली. "शाल हाय माझ्याकडं."

सिद्धम्माची खुर्ची रिकामीच होती. भामाबाई तिच्यात बसली, पदर सारखा केला, पाठ ताठ केली.

"पुनम, काढ गं बाई फोटो."