वरचीला झेंडू, मला चिखल

जरा खाली वाका. अजून थोडं. पुढच्या दोन चाकांच्या मधे, इंजिनाच्या खाली, ही गंजकी आडवी दांडी दिसतेय ना? बोलतेय ती मीच. इतकी वर्षं या गाडीच्या पोटाखाली काढली, पण बाई तू कोण, इथे काय करतेस, असं वाकून कुणी विचारलं नाही. तुम्ही पहिलेच.

आधीच सांगून ठेवते, मी जळकी आहे. जन्मजात नव्हते, पुढे झाले. ज्या लोखंडी नळीतून मला कापलं, तिच्यातूनच माझी बहीणही कापली. तिची जागा बॉनेटच्या आत, इंजिनाच्या वर. बॉनेट उघडलं की पहिली नजर तिच्यावर. माझ्या वाट्याला रस्त्यावरची खडी, शेण आणि पावसाळ्यात आमच्या पिंपळगावचा काळा चिखल. आम्ही सख्ख्या बहिणी, पण आयुष्यभर जावांसारख्या राहिलो.

आम्हाला घडवलं जयरामने. तो सातपूरच्या एका कारखान्यात फिटर. देवळाली कॅम्पातल्या एका साहेबाची जुनी, मोतिया रंगाची गाडी त्याने घेतली ती एकाच हौसेपायी. बायकोने, सिंधुबाईंनी, देवळ्याला माहेरच्या दारात गाडीतून उतरावं आणि सगळ्या गल्लीने बघत राहावं, एवढंच त्याचं मागणं.

पण गाडी म्हातारी. वळणावर अंग टाकायची. देवळ्याच्या वाटेवर भावडबारीचा घाट लागतो. तिथे पहिल्याच खेपेला उतारावर ती अशी काही डुलली, की सिंधुबाईंनी एका हाताने दाराची मूठ धरली आणि दुसऱ्याने जयरामचा दंड. देवळ्यात गल्लीने बघितलं खरं, पण बघितलं ते त्यांचं पांढरंफटक तोंड. उतरल्या उतरल्या त्यांनी सांगून टाकलं, "मी नाय बसायची परत हिच्यात. माझी एस.टी. बरी."

तेव्हापासून माहेरी जाताना सिंधुबाई एस.टी.ने, आणि मागून जयराम रिकाम्या गाडीने. सोबत तर करायची, पण माघार घ्यायची नाही, असला तो हट्टी. वाटभर एस.टी.चा धूर खायचा आणि तिच्यावर जळायचा. "एवढं काय हाय त्या लाल डब्यात?" असं सातपूरला येऊन यादवला विचारायचा. हे सगळं माझ्या जन्माआधीचं. यादवने पुढे इतक्या वेळा हसत सांगितलं, की मला पाठ झालं.

यादव म्हणजे जयरामचा दोस्त. सातपूरलाच त्याचं छोटं गॅरेज. ऐंशी सालच्या आगेमागे मुंबईकडची एक शर्यतीची गाडी बिघडून त्याच्या दारात थांबली. बॉनेट उघडलं, तर आत दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या भिंतींना जोडणारी एक दांडी. त्या ड्रायव्हरने सांगितलं, वळणावर गाडीचं अंग पिळवटतं, म्हणून ते असं बांधून घेतलंय, खालीसुद्धा एक आहे. जयरामच्या डोक्यात त्या दांड्या घुसल्या त्या घुसल्याच. सुट्टीच्या दिवशी दुसरं काही सुचेना. नळी कापली, टोकं ठोकून चपटी केली, भोकं पाडली, दोघींना सारखाच तांबडा रंग दिला. तोवर आमच्यात काही वाकडं नव्हतं.

वाकडं झालं दसऱ्याला. गाडी खालून धुवायची म्हणून जयरामने ती लाकडी ओंडक्यांवर चढवली आणि चारही चाकं काढून रंगवायला ठेवली. गाडी अधांतरी. तेवढ्यात पूजेची वेळ झाली. यादव म्हणाला, "जयरामभाऊ, आज चांगला दिवस हाय. एक तरी दांडी आजच बसव." झालं. वरचीला उचललं. तिची भोकं जुळेनात. यादवने पहारीने रेटलं, जयरामने बोल्ट ठोकून आत घातला आणि जीव खाऊन नट आवळले. मग झेंडूची माळ, हळदकुंकू, नारळ. सिंधुबाईंनी तिला ओवाळलं. मी कोपऱ्यात गोणपाटावर पडून बघत होते. झेंडूची एक पाकळी उडून माझ्यावर पडली, तर तीही कोंबडीने नेली.

मला बसवलं दुसऱ्या दिवशी, चाकं चढवून गाडी जमिनीवर उतरवल्यावर. माझे बोल्ट हातानेच आत गेले. रेटारेटी नाही, ठोकाठोकी नाही. पण जिने त्रास दिला तिचं कौतुक, आणि मुकाट बसली तिचं नाव नाही. माणसांच्या घरातसुद्धा हेच चालतं, मी बघितलंय.

गाडी फाटकाबाहेर काढली आणि डावीकडचं दार लागेना. आपटलं तरी पुन्हा उघडं. शिवाय गाडी एका अंगाला ओढायला लागली. मला कारण कळत होतं. ओंडक्यांवर असताना गाडीचं अंग जसं लोंबत होतं, तसंच वरचीने आवळून धरलं होतं. आता चाकांवर भार आला तरी ती सोडायला तयार नव्हती. पण मला विचारतंय कोण?

"दसऱ्याची दांडी निर्मळ हाय," सिंधुबाई म्हणाल्या. "ही खालची बिनपूजेची बसवली. हिच्याच पायी झालं." यादवनेही मान डोलावली. पहार त्याच्या हातात होती ना, तो दुसरं काय बोलणार? मला काढलं. दार तरीही लागेना. तर म्हणे, जाता जाता वाकवून गेली! शेवटी जयरामने दाराचं कुलूप कानशीने घासून कसंबसं लागेलसं केलं. माझा संताप संताप झाला.

मी घराच्या मागच्या दाराला अडसर झाले. तिथून अंगणातलं सगळं दिसायचं. सुट्टीच्या दिवशी वरचीला तेलाचं फडकं. पाहुणा आला की बॉनेट उघड, वरची दाखव. ती नुसती डोळ्यात खुपायची. एवढं करून सिंधुबाई एस.टी.नेच जात होत्या, कारण गाडी वळणावर अजून डुलतच होती. "बायकोला गाडीत बसवता येत नाय, मी कसला रे फिटर," जयराम एकदा यादवला म्हणाला. मला त्याचं वाईट वाटलं. पण वरची असूनही गाडी डुलते, याचं सुख त्याहून मोठं होतं.

पुढच्या दसऱ्याला वरचीला नवा रंग द्यायचा म्हणून जयरामने तिचे बोल्ट सोडले. या खेपेला गाडी चाकांवरच उभी होती. शेवटचा बोल्ट सुटला मात्र, वरची ताडकन उसळून जयरामच्या कोपराला लागली. त्याच वेळी सिंधुबाई डाव्या दाराला माळ बांधत होत्या. त्यांच्या हाताखाली ते दार अलगद लागलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "हे लागलं की!"

जयरामने दार उघडलं, लावलं, परत उघडलं, परत लावलं. मग वरची जागेवर धरून पाहिली. भोकं अर्धं बोट बाजूला. "गाडी टांगलेली असताना आवळली मी हिला," जयराम म्हणाला. "आन् बोल लावला खालचीला." वर्षभर दाराशी उभी राहून मी या एका वाक्याची वाट बघत होते.

वरचीची भोकं कानशीने लांबवावी लागली. तो करकर आवाज मला अजून गोड लागतो. मग चाकांवर उभ्या गाडीत दोघींना बसवलं. सिंधुबाई कुंकू घेऊन आल्या. वरचीला लावलं. माझ्यासाठी वाकल्या, पण कंबरेत चमक भरली. "खालचीचं इथंच," म्हणत त्यांनी बोट बंपरला टेकवलं. बंपरला! आयुष्यात एकदा कुंकू आलं, तेही मधल्यामधे दुसऱ्यानेच खाल्लं.

जयराम डावं दार उघडून उभा राहिला. सिंधुबाईंनी गाडीकडे बघितलं, त्याच्या खरचटलेल्या कोपराकडे बघितलं आणि पदर सावरून आत बसल्या. "पण हळू घ्या," एवढंच म्हणाल्या.

भावडबारीचं वळण आलं. माझ्यावर असा ताण पडला, की दोन्ही टोकं निखळतात असं वाटलं. वरचीवरही पडला असणार. एरवी तोंड बघत नव्हतो एकमेकींचं, पण तेव्हा दोघींनी धरून ठेवलं. गाडी वळली, डुलली नाही. सिंधुबाईंचा हात मुठीवरून सुटून मांडीवर आला.

"बसला का आता भरवसा?" जयरामने विचारलं.

"बसला. दांड्यांवर."

"आन् माझ्यावर?" आता त्याला आमचाही मत्सर वाटायला लागला होता.

"तुमच्यावर कवा नव्हता? एस.टी.त दरवेळी मागच्या सीटवर बसायचे मी, काचेला डोकं लावून. तुम्ही वळणावर दिसंनासे झाले का जीव नुसता खालीवर व्हायचा."

समोर रस्ता मोकळा असून जयरामने उगाच हॉर्न वाजवला.

देवळ्यात सिंधुबाईंची आई, धोंडाबाई, गल्लीला घेऊनच दारात आली. बॉनेट उघडलं. "हाई काय शे?" म्हातारीने वरचीवर हात फिरवत, हे काय आहे असं आपल्या अहिराणीत विचारलं. "खाली पण एक हाय," जयराम म्हणाला. पण खाली बघायला कोण वाकतंय?

त्यानंतर आम्ही खूप फिरलो. मग गाडीचं इंजिन बसलं, ते परत उठलं नाही. यादवने वरचीला काढून दुसऱ्या गाडीला लावलं. माझे बोल्ट गंजून धरलेले, निघेनात, म्हणून मी इथेच राहिले. ती घाटाघाटातून हिंडतेय आणि मी कोंबड्यांच्या संगतीत अंगणात. जळू नको तर काय करू?

पण दुपारी घरातलं आवरलं की सिंधुबाई सूप घेऊन येतात, डावं दार उघडतात आणि पुढच्या सीटवर बसून गहू निवडतात. गाडी कुठे जात नाही, तरी बसतात. जयराम दुसऱ्या पाळीला निघताना ओट्यावरून कुरकुरतो, "घरात जागा नाय का तुला?" त्या हसतात आणि दार लावून घेतात.

निघालात? मग एक काम करा. घाटात एखादी गाडी थांबलेली दिसली, बॉनेट उघडं असलं आणि आत तांबडी दांडी मिरवत असली, तर तिला माझा निरोप द्या. म्हणावं, सिंधुबाई अजून रोज गाडीत बसतात, आणि त्यांचा भार मी एकटी धरते.