वर्तुळ काढणारे हात

मित्रांनो, मी एक जुना लाकडी कंपास आहे. तुमच्या कंपासपेटीतला बोटभर नव्हे. फळ्यावर वर्तुळे काढायचा, हातभर लांबीचा. पुस्तकात मला कर्कटक म्हणतात, पण शाळेत त्या नावाने मला कोणी ओळखत नाही. बाके करायला आलेल्या सुताराने उरलेल्या पट्ट्यांतून मला घडवले. माझ्या एका पायाला रबराची टोपी आहे, दुसऱ्याला खडू अडकवायची खोबण.

माझी चांगली वर्षे गणिताच्या बाईंच्या हातात गेली. बाई ठेंगण्या होत्या. टाचा उंचावून वर्तुळ पुरे करायच्या आणि मुलांना प्रश्न विचारायच्या. उत्तर चुकले तर म्हणायच्या, "कशी चुकलीस ते फळ्यावर दाखव. सगळ्यांनाच उपयोग होईल."

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी मला पुसून मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवले. "नवीन कोणी येईल त्याच्या हातात द्या."

"सुट्टी संपायच्या आत माणूस येईल, बाई," मुख्याध्यापक म्हणाले.

माणूस आला नाही. मुख्याध्यापकांनी वरच्या कार्यालयात पत्रांवर पत्रे धाडली. "भरती लवकरच होईल," एवढेच उत्तर येई. दोन वर्षे गणिताचा तास चित्रकलेच्या सरांनी सांभाळला. बिचारे प्रामाणिक होते. वर्तुळ सुरेख काढायचे, मग पुस्तकातले उदाहरण उत्तरासकट उतरवायचे. कोणी "असं का?" विचारले की खाली बघून म्हणायचे, "बाळा, ते मलाही नीट कळत नाही."

तिसऱ्या वर्षी एक तरुण सर आले. गणिताची पदवी, शिक्षकाची परीक्षा, सगळे झालेले. नेमणूक मात्र काही महिन्यांचीच. वर्गात एक मुलगी होती. तिचा आवाज जेमतेम ऐकू यायचा, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. सरांनी मला तिच्याच हातात दिले. तिच्या पहिल्या वर्तुळाची टोके काही जुळली नाहीत.

"टोक घट्ट धर. घाई कसली आहे?" सर म्हणाले.

सहामाहीपर्यंत ती फळ्यापुढे उभी राहून शेवटच्या बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलू लागली.

मग एके दिवशी सर निरोप घ्यायला आले. मुख्याध्यापक म्हणाले, "कायमची जागा निघेपर्यंत थांबा हो."

"सर, परीक्षा पास झाल्यापासून चार वर्षं हेच ऐकतोय. वडील अंथरुणाला खिळलेत. गोदामात पक्की नोकरी मिळतेय."

मुख्याध्यापक कोणत्या तोंडाने थांबवणार?

स्पर्शिकेचा धडा अर्धाच राहिला. पुढच्या वर्षी चिमणी दहावीत गेली. ते गणित चित्रकलेच्या सरांना झेपेना, त्यामुळे तास मोकळाच राहू लागला. एकदा वर्गात फार गोंधळ चालला होता. ती उठली, मला हातात घेतले आणि वर्तुळ काढले. त्याला स्पर्शिका काढली आणि सरांनी सांगितले होते तसे सगळे समजावले. वर्ग चिडीचूप झाला.

"आता पुढचं सांग ना," तिची मैत्रीण म्हणाली.

"पुढचं मलाच कोणी शिकवलं नाही गं," चिमणी म्हणाली, आणि मला टेबलावर ठेवून जागेवर जाऊन बसली.

दहावीच्या परीक्षेत ती गणितात कशीबशी काठावर पास झाली. निकाल न्यायला आलेली तिची आई म्हणाली, "गणित आपल्या डोक्यात शिरत नाही, तर सोडून दे ना." चिमणीने मान डोलावली. तिच्या डोक्यात गणित कसे शिरत होते, ते मी पाहिले होते. पण मला बोलता कुठे येते?

मित्रांनो, मला रंग द्या, असे मी म्हणणार नाही. उद्या तुमच्यापैकी कोणी मोठ्या कार्यालयात बसेल आणि शिक्षकाच्या नेमणुकीचा कागद समोर येईल. तो पुढच्या वर्षावर ढकलू नका. रिकामी जागा पुढच्या वर्षी भरता येते, पण यंदा दहावीत असलेली मुलगी तेव्हा शाळेत नसते.