आणखी एक पाणी

"नळ्या धुतल्या होत्या, का नुसत्या ओल्या केल्या?" माने सरांनी विचारलं.

आकाराम हात बांधून उभा होता. सांगलीच्या त्या कॉलेजात प्रयोगशाळेतल्या काचा तोच धुवायचा, आणि १९७४ सालच्या त्या आठवड्यात हा प्रश्न तिसऱ्यांदा आला होता. सर पीएच.डी.साठी उसाच्या कोवळ्या शेंड्यात डीएनए किती, ते मोजत होते. रसायन घालून उकळलं की नळीत निळा रंग चढतो. जितका गडद रंग, तितका डीएनए जास्त. सरांच्या नळ्या मात्र शेवाळी हिरव्या व्हायच्या आणि एकाच उसाला रंग मोजायच्या यंत्राचा काटा दर वेळी निराळाच आकडा दाखवायचा. सोमवारी पुण्याहून मार्गदर्शक येणार होते.

"परत असं झालं तर तुम्हाला बागेकडे पाठवतो."

बागकामाचं त्याला वावडं नव्हतं. पण आपण धुतलेली काच घाण म्हणून जायचं, हे त्याच्या जिव्हारी लागलं.

"सर, उसाऐवजी नुसतं पानी घालून उकळता ती नळी बी मीच धुतलीया. ती कशी निवळ हाय?"

सरांनी ती नळी उचलून पाहिली. खरंच निवळ होती.

"मी विट्याचा. गलाईच्या दुकानात धा वरसं सोनं शुद्ध केलंय. धुन्याचं पानी निवळ येईस्तोवर धुवायचं, मगच तोलायचं. तुमी ऊस कितीदा धुतला?"

"स्पिरिटनं दोनदा. ते परवान्यावर मिळतं, आकाराम. जपून वापरावं लागतं."

ऊस धुऊन निघालेल्या त्या स्पिरिटचा थेंब आकारामनं काचपट्टीवर वाळवला. "बोट लावा."

बोट चिकटलं. उसाच्या फडात वाढलेले सर साखरेलाच विसरले होते, आणि साखरही त्या रसायनात रंग धरते.

पाचव्या धुण्याला थेंब कोरडा वाळला. दुपारी नळ्या उकळून निघाल्या त्या नीळ घातलेल्या पाण्यासारख्या. या यंत्राला सर कुणाला फडकंसुद्धा लावू देत नसत; आज ते स्टुलावरून उठले.

"मामा, तुम्ही वाचा."

आकाराम बसला. "बेचाळीस." दुसरी नळी. "बेचाळीस." तिसरीला तो काट्यावर आणखी वाकला. "बेचाळीसच, सर. काटा जागचा हलंना."

सोन्याची लगड हातात घेतानाही त्याला कधी इतका आनंद झाला नव्हता.

सरांनी नळ्या गोळा केल्या आणि स्वतः नळाखाली धरल्या. आकाराम उठू लागला, मग बसूनच राहिला. धुतलेली एक नळी त्यानं उजेडात धरून पाहिली.

"आनखी एक पानी काढा," तो म्हणाला.

सरांनी नळ पुन्हा सोडला.