पंच्याऐंशीचा ठराव

१९९९ साली शेळगाव-वरकुटे रस्त्यावरच्या एका वाडीतल्या दूध संस्थेनं कॉम्प्युटर घेतला, कारण पलीकडच्या संस्थेनं आधी घेतला होता. घेतल्यावर तो चालवायला माणूस लागतो हे ध्यानात आलं. मग इंदापुरात कोर्स केलेल्या स्वरूपाला सहा महिन्यांच्या बोलीवर ठेवली. काम चोख निघालं तर कायम, नाहीतर घरी.

काम असं, की सकाळच्या दुधाचे लिटर आणि फॅट दुपारी वहीत उतरले की कॉम्प्युटरात भरायचे, आणि पाच वाजता लोक संध्याकाळचं दूध घेऊन आले की त्यांच्या हातात सकाळची छापील पावती ठेवायची. मध्ये दोन ते चार चेअरमन भीमराव तात्या कॉम्प्युटरचा अभ्यास करत. दार लोटलेलं असे. आतून मोटार पळाल्याचा, घासल्याचा आणि मग आपटल्याचा आवाज येई. सचिव दत्तोबा बाहेर बाकावर बसत आणि येईल त्याला सांगत, "तात्या कामात हायती."

चारला तात्या डोळे चोळत उठत आणि स्वरूपा बसे. तेव्हा पडदा बारीक लुकलुकत असे. अर्ध्या तासात तिचं कपाळ ठणके आणि आकडे एकमेकांवर चढत. एकदा म्हस्कूच्या म्हशीची फॅट गोजरबाईच्या पावतीवर गेली. गोजरबाईनं तक्रार केली नाही. म्हस्कूनं केली.

"पोरीचं डोळं कच्चं हायती," तात्या म्हणाले. "दत्तोबा, मीटिंगला विषय घ्या. आमच्या साडूचा पोरगा रिकामाच हाय."

कॉम्प्युटर बसवून दिलेल्या रणजितला स्वरूपानं बारामतीहून बोलावून घेतलं. त्यानं पाच मिनिटं बघितलं आणि हसला.

"पडदा सेकंदाला किती वेळा चित्र नव्यानं काढतो, त्याला रिफ्रेश रेट म्हणतात. मी पंच्याऐंशी लावून दिला होता. ही मोटारीची गेम त्याला साठवर ओढते आणि जाताना तिथंच सोडून जाते. साठला हा लुकलुकणारच. तुमचे डोळे चांगले आहेत, ताई."

"मग गेम काढून टाका की."

"कुणाची आहे?"

स्वरूपानं चेअरमनच्या खुर्चीकडं बघितलं. रणजितनंही बघितलं. दत्तोबा दुसरीकडं बघू लागले.

"मग राहू द्या," रणजित म्हणाला. "इथं एक चौकट आहे. हिच्यात पंच्याऐंशी लिहिलं की गेम काहीही मागू दे, पडदा ढळत नाही. आणि ढळलाच, तर इकडून तीन क्लिक, परत जागेवर. पण मला लेखी द्या. मागं एका ठिकाणी न विचारता हात लावला, त्याची चौकशी अजून चालू आहे."

संस्थेत लेखी म्हणजे ठराव, आणि ठराव म्हणजे मीटिंग.

"पर गेम खेळतं कोण?" मीटिंग बसल्या बसल्या संचालक छबूबाईंनी विचारलं.

तात्या बाहेरच्या बाभळीकडं बघत होते.

"कंपनीतनंच भरून येती ती," दत्तोबा म्हणाले. "आपोआप चालू व्हती."

"रोज दोन वाजता?"

"लाइट तवाच असती ना, वैनी."

"मग तिला डावीकडं वळायला तरी शिकवा. हमखास आपटती. आमच्या गोठ्यापतुर ऐकू येतं."

ठराव झाला. 'कॉम्प्युटरमध्ये आपोआप चालू होणाऱ्या गेमला संस्थेच्या पडद्याचा पंच्याऐंशीचा रिफ्रेश रेट परस्पर बदलता येणार नाही.' सूचक खुद्द भीमराव तात्या, अनुमोदक छबूबाई, सर्वानुमते. स्वरूपाचा विषय पुढच्या मीटिंगवर गेला.

रणजितनं चौकटीत पंच्याऐंशी लिहिलं. पडदा तळ्यासारखा शांत झाला आणि स्वरूपाचं डोकं थांबलं. पण चार वाजले तरी तात्या उठले नाहीत. साडेचारलाही नाहीत. पाचला कॅन घेऊन लोक दारात उभे, आणि आतून तात्या म्हणतात, "झालंच, एवढं वळण."

"आदी चुकीची का हुईना, पावती मिळायची तरी," म्हस्कू म्हणाला.

आठवड्यानं तात्याच म्हणाले, "डोळं सुधारलं, तर आता हात मंद झाला पोरीचा. साडूला निरोप धाडा."

तात्या आजवर चारला का उठत होते, ते स्वरूपाला तेव्हा कळलं. साठ त्यांनाही झोंबत होतं.

दुसऱ्या दिवशी दीड वाजता तिनं ती चौकट उघडली, पंच्याऐंशी पुसलं आणि साठ लिहिलं. दत्तोबा मागं उभे होते.

"ठरावाच्या इरुद्ध हाय हे, पोरी."

"गेमला बदलता येणार न्हाय, असा ठराव हाय, काका. मी गेम हाय का?"

दत्तोबांनी वही उघडून दोनदा वाचलं. तसंच लिहिलं होतं. अक्षरही त्यांचंच होतं. ते जाऊन बाकावर बसले.

शांत पडद्याची सवय झालेले तात्या साडेतीनलाच लाल डोळ्यांनी बाहेर आले. स्वरूपानं तीन क्लिक मारले, पडदा जागेवर आणला, आणि पावणेपाचला पावत्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. महिनाभर हेच चाललं. एकही पावती चुकली नाही.

मीटिंगला तात्या म्हणाले, "साडूच्या पोराचं ऱ्हाऊ द्या. ही दिवसभर कॉम्प्युटरम्होरं बसती, डोळ्यात टिपूस न्हाय. आमचं दीड तासात पाणी गाळत्यात."

"गाडी हळू चालवावी, तात्या," छबूबाई म्हणाल्या.

"हे लिहायचं का?" दत्तोबांनी विचारलं.

"कायम केली एवढंच लिहा," तात्या म्हणाले.

नेमणुकीचं पत्र स्वरूपानं स्वतःच टाइप केलं. दोनला पाच मिनिटं कमी असताना ते छापून काढलं, आणि तात्या खुर्चीत टेकायच्या आत त्यांची सही घेतली.